कैरोहून फयूम, टूरशिवाय: दोघींनी जायचं तर

प्रश्न असा आहे: पुण्याच्या दोघी बहिणी डिसेंबरात कैरोला येत आहेत आणि त्यातले तीन दिवस त्यांनी जवळच्या फयूम मरूद्यानासाठी ठेवले आहेत. टूर कंपनी नको, दिवसभर दिमतीला गाडी नको. दोघी शाकाहारी, अरबी येत नाही. स्थानिक वाहनांनी जाता येईल का, सुरक्षित आहे का, आणि तीन दिवस जास्त तर होणार नाहीत ना?

मी कैरोत नोकरीनिमित्त बरीच वर्षं राहते आहे, आणि जोडून सुट्टी आली की बहुतेक वेळा फयूमलाच जाते. म्हणून आधी थोडक्यात उत्तर देते. तूनिस नावाच्या गावापर्यंत तुम्ही सगळा प्रवास मेट्रो, मायक्रोबस आणि रिक्षाने करू शकता. त्यापुढच्या वाळवंटासाठी स्थानिक जीपवाला घ्यावाच लागतो, तिथे काटकसर करू नका. तीन दिवस अगदी बरोबर आहेत. कैरोतल्या एका दिवसाच्या सहली म्हणजे धबधबा, वाळूवरून घसरणं, जेवण आणि परत. त्यात वाळवंटाचं दर्शन होतं, पण फयूमचं शेत, पाट, गाव यातलं काहीच दिसत नाही. आणि फयूम म्हणजे मुळात शेती आणि पाणी आहे.

हे पाण्याचं प्रकरण नीट समजून घेतलंत तर तीन दिवसांचा बेत आपोआप जुळतो, म्हणून त्यावर थोडी थांबते. सीवा किंवा बहरिया ही इजिप्तमधली मरूद्यानं जमिनीतून येणाऱ्या पाण्यावर जगतात. फयूम कैरोपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर, तेही वाळवंटातल्या खोलगट भागात, पण ते जगतं नाईलच्या पाण्यावर. दक्षिणेत दैरूतजवळ इब्राहिमिया कालव्यातून ‘बहर यूसुफ’ नावाचा प्रवाह फुटतो, नाईलला समांतर उत्तरेकडे येतो आणि लाहूनपाशी टेकड्यांच्या खिंडीतून पश्चिमेला वळून फयूमच्या खोलगटात उतरतो. तिथून त्याचे पाट, चाऱ्या, पोटचाऱ्या पंख्यासारख्या पसरतात. शेतातून निचरा होऊन उरलेलं बहुतेक पाणी शेवटी कारून सरोवरात जातं. हे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४५ मीटर खाली आहे. एवढा उतार असल्यामुळे नाईलच्या खोऱ्यात इतरत्र जे पाणी उचलून शेतात न्यावं लागतं ते इथे उताराने आपसूक वाहतं. जवळपास चार हजार वर्षांपूर्वी बाराव्या राजवंशाच्या राजांनी, विशेषतः सेनुस्रेत दुसरा आणि अमेनेमहात तिसरा यांनी, या पाण्यात लक्ष घातलं आणि आपले पिरॅमिडही इथेच, पाणी आत शिरतं त्या तोंडाशी बांधले. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातल्या टॉलेमी दुसऱ्याने सरोवर आटवून जमीन काढली, तिथे ग्रीक सैनिकांना वसवलं आणि या प्रांताला आपल्या राणीचं, आर्सिनोईचं, नाव दिलं.

तेव्हा माझा सल्ला असा की पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तुम्हीही जा. पहिल्या दिवशी लाहून आणि फयूम शहर, मुक्काम सरोवराकाठी तूनिसला. दुसऱ्या दिवशी वाळवंट. तिसऱ्या दिवशी सकाळी गाव, आणि परतीच्या वाटेवर कारानिस हे ग्रीक-रोमन काळातलं गाव.

निघायचं कसं? मोठ्या बॅगा कैरोच्या हॉटेलात ठेवा, पाठीवर मावेल एवढंच घ्या. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावरचं दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन मुनीब. बाहेर पडलं की जवळच मायक्रोबसचा अड्डा आहे आणि ‘फय्यूम, फय्यूम’ अशी हाळी ऐकू येईलच. या मायक्रोबस म्हणजे बहुतेक पांढऱ्या टोयोटा. वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. वाहतूक कशी आहे त्यावर दीड ते दोन तास लागतात. सकाळी आठच्या सुमारास अड्ड्यावर पोहोचलात तर फार ताटकळावं लागत नाही.

गाडीत बसल्यावर काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. गाडी हायवेला लागली की मागच्या रांगेतून पैसे पुढे यायला लागतात. तुमच्या खांद्यावर कुणीतरी टकटक करेल आणि चुरगळलेल्या नोटा हातात देऊन सांगेल, ‘इतनेन’, म्हणजे दोघांचे. त्या तुम्ही पुढच्याला द्यायच्या, तो त्याच्या पुढच्याला. सुटे पैसे त्याच वाटेने उलटे परत येतात. मधल्या रांगेत खिडकीच्या बाजूच्या दोन जागा धरा. तिसरी जागाही तुम्हालाच हवी असेल तर ‘तलाता’ म्हणून तिघांचे पैसे द्या. इथे बायका असं सर्रास करतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. भाडं ड्रायव्हरला न विचारता शेजारच्या बाईला विचारा, ती बरोबर सांगेल. वाटेत उतरायचं असेल तर मोठ्याने ‘अला गंब’ म्हणा, गाडी कडेला लागते. येण्याआधी अरबी आकडे मात्र तासभर बसून शिकून घ्या. आपण जे शून्य लिहितो तसा त्यांचा पाच दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. दुकानातल्या पाट्या, गाडीचे नंबर, भाज्यांचे दर, सगळं याच आकड्यांत असतं.

फयूम शहर देखणं नाही, गजबजलेलं आहे. पण मधोमध बहर यूसुफ वाहतो आणि त्यावर काळी पडलेली लाकडी रहाटं फिरत असतात. बैल नाही, मोटर नाही. वाहत्या पाण्याच्या जोरावरच चाक फिरतं, आपल्या कडेवरच्या खणांत पाणी भरून वर नेतं आणि पन्हळीत ओततं. अशी रहाटं चालायला पाण्याला वेग लागतो, आणि इजिप्तच्या सपाट शेतीत तो वेग फयूमच्या उतारानेच दिला. जवळ उभं राहून त्यांचा घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज पाच मिनिटं तरी ऐका.

शहरातून अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी ठरवा आणि लाहून व हवारा हे दोन पिरॅमिड पाहून या. इथे अड्डे बदलत मायक्रोबसने जाण्यात वेळ फुकट जाईल. दोन्ही कच्च्या विटांचे आहेत. वरचं चुनखडीचं आवरण केव्हाच काढून नेल्यामुळे आता ते मातीच्या ढिगासारखे दिसतात, म्हणून गीझा पाहून आलेले लोक नाक मुरडतात. त्यांचं मनावर घेऊ नका. लाहूनला सेनुस्रेत दुसऱ्याच्या पिरॅमिडजवळ कारागिरांची वस्ती होती. तिथल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लेखांत, स्त्रियांच्या आजारांवरचा सुमारे १८०० इ.स.पू.चा मजकूर सापडला, वैद्यकावरच्या जगातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी तो एक. हवाराला अमेनेमहात तिसऱ्याचा पिरॅमिड आहे. त्याच्या शेजारची वास्तू पाहून हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं की ही पिरॅमिडांहूनही सरस आहे. आज तिथे दगडांचे तुकडे, वाळू आणि मधून गेलेला कालवा एवढंच दिसतं. पिरॅमिडच्या आत भूजल भरलेलं आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. पण याच दफनभूमीत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला १८८८ मध्ये रोमन काळातल्या ममींवरची लाकडी फलकांवर मेणरंगात काढलेली माणसांची चित्रं सापडली. ती बघायला कैरोत तहरीर चौकातल्या संग्रहालयात जा, आणि फयूमला येण्याआधी जा. मोठ्या डोळ्यांच्या, कानात डूल घातलेल्या त्या बायका एकदा पाहिल्या की हवाराची ओसाड टेकाडं ओसाड राहत नाहीत.

दुपारी तीनपर्यंत शहरातून निघा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नव्या गावात अंधारात पोहोचण्यात शहाणपण नाही. आधी इब्शवायची मायक्रोबस, तिथून तूनिसच्या बाजूला जाणारी दुसरी. शेवटचा टप्पा लागलाच तर रिक्षाने, आणि इथे तुम्हाला एकदम घरच्यासारखं वाटेल, कारण इजिप्तच्या गल्लीबोळांतली ‘तुकतुक’ म्हणजे बहुतेक ठिकाणी आपली बजाजच. भाडं बसायच्या आधी ठरवा.

तूनिस सरोवराकाठच्या चढावर आहे. एव्हलीन पोरे नावाची स्विस कुंभारकलाकार इथे येऊन राहिली, घराजवळ खेळणाऱ्या पोरांच्या हातात तिने माती दिली आणि नव्वदच्या सुमारास त्यातून मातकामाची शाळा उभी राहिली. २०२१ मध्ये ती गेली. पण त्या वेळची मुलं आज स्वतःच्या कार्यशाळा चालवतात आणि त्यांची मुलं चाकावर बसतात. ताटल्यांवर मासे, खजुरीची झाडं, पक्षी, उंट असतात आणि छापा वापरलेला नसतो, त्यामुळे एकाच घरातल्या दोन ताटल्यांवरचे मासेसुद्धा वेगळे दिसतील. बहुतेक कार्यशाळांत तासाभरासाठी चाकावर बसू देतात. पहिल्याच कार्यशाळेत खरेदी करू नका, गावातल्या तीन-चार गल्ल्या आधी फिरा. चित्रकार मोहम्मद अबला यांनी उभं केलेलं व्यंगचित्रांचं संग्रहालयही याच गावात आहे आणि इजिप्तचं राजकारण थोडं जरी माहीत असेल तरी ते चुकवू नये.

सरोवरात पोहायचा विचार करू नका. कारूनला बाहेर जाणारी वाटच नाही. शेतांचं निचऱ्याचं पाणी, त्यातली खतं आणि क्षार सगळं इथे येतं, पाणी उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे राहतं. खारेपणा आता समुद्राच्या जवळपास पोहोचला आहे आणि गोड्या पाण्यातले मासे केव्हाच गेले. इथल्या कोळ्यांची बोट काठावर उलटी पडलेली दिसली तर त्यामागे हे कारण आहे. हिवाळ्यात मात्र पक्षी उतरतात, रोहितसुद्धा. पहाटे काठाने चाललात तर दिसतील.

आता वाळवंट. ज्या घरी उतराल त्या यजमानांनाच जीपवाला सांगायला सांगा. बाहेर रस्त्यावर ठरवू नका. आदल्या संध्याकाळीच त्याच्याशी बोलून पक्कं करा: कुठे कुठे थांबणार, राखीव क्षेत्राची प्रवेशफी पैशांत धरली आहे का, किती वाजता परत, आणि वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उड्या मारत नेणार नाही. हे शेवटचं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर पाहुण्यांना तेच आवडतं असं ते धरून चालतात. सकाळी सातला निघा.

आधी वादी अल-रय्यान लागेल. इथली सरोवरं नैसर्गिक नाहीत. कारूनमध्ये पाणी फार चढायला लागलं म्हणून १९७० च्या दशकात जादा निचऱ्याचं पाणी बोगदा-कालव्याने या कोरड्या खोलगटात सोडलं आणि वाळवंटात तळी झाली. तो प्रसिद्ध ‘धबधबा’ म्हणजे वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात पडणारं हेच पाणी, उंची जेमतेम काही मीटर. आपण सह्याद्रीतला पावसाळा पाहिलेली माणसं, तेव्हा धबधबा म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. पण लाहूनला आत शिरलेलं पाणी शेतांतून फिरून शेवटी इथवर पोहोचलं आहे हे लक्षात ठेवून पाहिलंत तर तिथे थांबावंसं वाटेल. खालचं तळं वर्षागणिक आटतं आहे, जुन्या काठाच्या खुणा लांबवर दिसतात.

त्यानंतर वादी अल-हितान, देवमाशांची दरी. एवढ्या एका जागेसाठी मी माणसांना फयूमला पाठवते. चार कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता. १९०२-०३ च्या हिवाळ्यात भूगर्भशास्त्रज्ञ बीडनेल यांना इथे पहिले सांगाडे मिळाले आणि २००५ मध्ये युनेस्कोने ही दरी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आखून दिलेली पायवाट आहे. तिच्या दोन्ही बाजूंना, काचेत नव्हे, वाळूवर, देवमाशांचे मणके ओळीने पडलेले आहेत. बॅसिलोसॉरस नावाच्या जातीचे हे प्राणी अठरा मीटरपर्यंत लांब होते. आणि त्या अजस्र शरीराला मागचे पाय होते, हातभरही नसलेले, पण गुडघ्याची वाटी आणि बोटं असलेले! जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप गिंगरिच यांच्या पथकाला ते १९८९ मध्ये इथेच मिळाले. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालत होते याचा हा धडधडीत पुरावा. आपल्याला त्यात जास्त रस वाटावा, कारण या कुळाची आधीची पानं आपल्या उपखंडात सापडली आहेत: जम्मू भागातल्या कालाकोटला इंडोह्युस हा हरणाएवढाही नसलेला खुरांचा प्राणी, कच्छमध्ये कुचिसेटस हा आदिम देवमासा. तुमच्यापैकी एक जण शाळेत विज्ञान शिकवते असं लिहिलं आहे, तर तिला इथे दोन तास तरी द्या.

दरीतलं संग्रहालय वाळूच्याच रंगाचं, बुटकं आहे आणि २०१६ पासून खुलं आहे. आधी संग्रहालय, मग पायवाट. पायवाटेवर खारफुटीच्या मुळांचे दगड झालेले आहेत, न्युम्युलाइट नावाच्या समुद्री जीवांचे नाण्यांच्या आकाराचे जीवाश्म पायाखाली येतात. एकही उचलू नका, लहानसं असलं तरी. आणि पायवाट सोडू नका, कारण पुढचा सांगाडा तिथेच वाळूखाली असू शकतो. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. वाळवंटात रात्र काढण्याचा मोह होईल, पण परवानग्यांची भानगड तुमच्या तीन दिवसांत बसणार नाही. संध्याकाळी तूनिसला परत या.

शाकाहाराची काळजी करू नका. फूल म्हणजे शिजवलेला बाकला, तामेय्या म्हणजे त्याच्याच डाळीचे वडे, बिसारा म्हणजे त्याच डाळीचं दाट वरण, वांग्याचे प्रकार, पांढरं चीज, आणि मातीच्या भट्टीत भाजलेलं पदर सुटणारं फितीर, मधाबरोबर किंवा गुळाच्या काकवीबरोबर. अडचण फक्त रश्शाची आहे. मुलुखिया ही पालेभाजी किंवा भरलेल्या भाज्यांचा महशी पाहून शाकाहारीच वाटतात, पण त्यात कोंबडीचं किंवा सशाचं पाणी असू शकतं. म्हणून वाक्य पाठ करा: ‘मिन घेर लहमा, वला फिराख, वला शोरबा’, म्हणजे मांस नाही, कोंबडी नाही, रस्सा नाही. नुसतं ‘मांस नको’ म्हटलंत तर कोंबडी येते. गावातल्या घरी आदल्या दिवशी सांगितलं तर बायका मनापासून करून घालतात.

सुरक्षिततेबद्दल. मी एकटीही गेले आहे, मैत्रिणींबरोबरही. गावात लोक चौकशी करतात, चहा पुढे करतात, त्रास देत नाहीत. शहराच्या अड्ड्यावर कुणी लोचटपणा केला तर जवळच्या पोक्त बाईशेजारी जाऊन उभं राहा, ती पुढचं बघून घेते. सैलसर पंजाबी ड्रेस आणि ओढणी हा इथला उत्तम पोशाख. रस्त्यात पोलीस चौक्या असतात, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्सवर भागत नाही. कुठून आलात, कुठे उतरणार हे विचारतील, यजमानांचा नंबर कागदावर अरबीत लिहून ठेवा. क्वचित परदेशी पाहुण्यांबरोबर पोलिसांची गाडी येते. एकेकाळी फयूममध्ये हे नेहमीचंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चौक्या, सैनिकी गाड्या, कालव्यांचे दरवाजे यांचे फोटो काढू नका. ड्रोन तर भारतातूनच आणू नका, परवान्याशिवाय इजिप्तमध्ये त्याला बंदी आहे.

रोख पैसे फयूम शहरातल्या एटीएममधून काढा आणि सुट्या नोटा साठवा. पुरातत्त्वस्थळांच्या तिकिटांसाठी कार्डही जवळ असू द्या. डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते आणि गावातल्या घुमटाच्या घरांत हीटर असेलच असं नाही, तेव्हा जाड स्वेटर आणि मोजे घ्या.

वार जपून निवडा. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि त्या दोन दिवशी निम्मं कैरो तूनिसला येतं. खोल्यांचे भाव चढतात, धबधब्यापाशी लाउडस्पीकर लागतात. तुम्ही लिहिलेल्या तारखा गुरुवार ते शनिवार अशा पडतात. त्या रविवार ते मंगळवार करा आणि कैरोची संग्रहालयं आधी उरका.

तिसऱ्या दिवशी परतताना कारानिस पाहा, आजचं नाव कोम औशिम. खोलगट संपून वाळवंट सुरू होतं अगदी त्या कडेवर, कैरोच्या हायवेलगत हे ग्रीक-रोमन काळातलं शेतकऱ्यांचं गाव आहे. मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ इथे उत्खनन केलं आणि पपायरस, खेळणी, धान्याची कोठारं, करांच्या नोंदी असा सामान्य माणसांचा संसार हाती आला. गावाच्या मध्यभागी मात्र मोठा खड्डा आहे. आपल्याकडे पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात ना, तसंच इथल्या लोकांनी जुन्या विटांची माती वर्षानुवर्षं खणून नेली. काठाकाठाच्या भिंती आणि दोन मंदिरं उरली आहेत. मंदिर मगरदेवाचं, सोबेकचं, म्हणजे शेवटी पाण्याचंच.

एवढ्या एका टप्प्यासाठी मायक्रोबस नको. हायवेवर मधूनच हात दाखवून गाडी मिळवणं कठीण, भरलेल्या गाड्या थांबत नाहीत. तूनिसहून सरोवराच्या काठाने कोम औशिम आणि तिथून कैरो अशी खासगी गाडी ठरवा, यजमान बोलावून देतील. ही ठिकाणं हिवाळ्यात लवकर बंद होतात, म्हणून एक वाजायच्या आत तिथे पोहोचा. घेतलेल्या ताटल्या कपड्यांत गुंडाळून पाठीवरच्या बॅगेत ठेवा, गाडीच्या डिकीत टाकू नका.